"काकू, एवढं एमपीफोर करून द्या": प्रोजेक्ट फाइलपासून वेबवर चालणाऱ्या व्हिडिओपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, पाटणकडचा एक पोरगा कराडला माझ्या एडिटिंग रूमवर आला. हातात पेनड्राइव्ह. "काकू, आत्याच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, एवढं एमपीफोर करून द्या. आत्या न्यू जर्सीला असते, तिला लिंक पाठवायचीय." पेनड्राइव्ह लावला तर आत एकच फाइल. शेवटी ईझेडपी, म्हणजे एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल. साइज तीन एमबीसुद्धा नाही. अख्खं लग्न तीन एमबीत बसत असतं तर आम्ही हार्डडिस्कांवर एवढे पैसे कशाला घातले असते?

पोराने आधी एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर पैसे भरून बघितले होते. फाइल अपलोड झाली, गोल गोल फिरलं आणि 'एरर' आला. पैसे गेले ते गेलेच. दर सीझनला अशी दोन-तीन माणसं येतात, म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढते.

पूजेच्या आधी गुरुजी यादी देतात ना, नारळ पाच, सुपाऱ्या अकरा, विड्याची पानं पंचवीस, प्रोजेक्ट फाइल म्हणजे तशी यादी. तिच्यात एवढंच लिहिलेलं असतं की एफ ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप घ्या, बाराव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत ठेवा, पुढच्या क्लिपशी डिझॉल्व्ह द्या (एक चित्र दुसऱ्यात विरघळवा), खाली सनई लावा. चित्र आणि आवाज तिच्यात नसतोच. यादी चौरंगावर ठेवून पूजा होत नाही, सामान आणावं लागतं. एडिटिंगची दुसरी सॉफ्टवेअरं घ्या, प्रीमियरची पीआरप्रोज, रिझॉल्व्हची डीआरपी, केडेनलाइव्हची फाइल, सगळ्यांची गत हीच. अपवाद दोन: फायनल कटच्या लायब्ररीत मीडिया आत कॉपी केलेला असू शकतो, आणि रिझॉल्व्हमधून 'प्रोजेक्ट आर्काइव्ह' काढलं असेल तर डीआरएच्या फोल्डरमध्ये सामान सोबत येतं. बाकी कोणत्याही वेबसाइटने "प्रोजेक्ट फाइल द्या, एमपीफोर घ्या" म्हटलं तर खिशातला हात बाहेर काढू नका.

आधी सामान गोळा करा

लागतात तीन गोष्टी: ज्यात प्रोजेक्ट बनलं ते सॉफ्टवेअर, कॅमेऱ्यातल्या मूळ फायली आणि टायटलांचे फाँट.

सॉफ्टवेअर त्याच व्हर्जनचं किंवा नंतरचं हवं. नव्या प्रीमियरमध्ये सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्या प्रीमियरमध्ये उघडत नाही. उलट चालतं, पण नव्यात उघडायच्या आधी फाइलची कॉपी काढून ठेवा.

मूळ फायलींसाठी पोराला परत पाठवला. लग्न २०१४ सालचं, ज्याने एडिट केलं त्याचं दुकान केव्हाच बंद झालेलं. नशिबाने त्याने घरच्यांना सगळा डेटा एका हार्डडिस्कवर देऊन ठेवला होता. ती सापडली देवघराच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. चार दिवसांनी पोरगा ती टॉवेलात गुंडाळून घेऊन आला.

डिस्क लावली, प्रोजेक्ट उघडलं आणि टाइमलाइनभर (क्लिपा ओळीने मांडलेली पट्टी) चौकटी-चौकटी. एडियसमध्ये क्लिप सापडली नाही की अशा बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी दिसतात. प्रीमियरमध्ये 'मीडिया ऑफलाइन' लिहिलेली लाल पाटी येते. माणसं इथेच घाबरतात आणि एक-एक क्लिप हाताने जोडत बसतात. थांबा. प्रोजेक्टमध्ये पत्ता लिहिलेला आहे एफ ड्राइव्हचा आणि तुमच्या मशीनने डिस्कला दिलंय जी किंवा एच. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा, त्या डिस्कवर राइट क्लिक करा आणि ड्राइव्ह लेटर बदलून एफ करा. फोल्डरची नावं कुणी बदलली नसतील तर प्रोजेक्ट पुन्हा उघडताच सगळं जागच्या जागी येतं. माझ्या चौदाशे क्लिपांपैकी तेराशेच्या वर एवढ्यानेच आल्या.

मूळ लेटर कोणतं होतं ते माहीत नसेल तर प्रीमियरवाल्यांसाठी एक युक्ती आहे. पीआरप्रोज फाइल आतून झिप केलेला मजकूर असते. तिची कॉपी घ्या, सेव्हन-झिपने उलगडा आणि नोटपॅडमध्ये उघडा. एक्सएमएलच्या जंगलात शोधलंत की प्रत्येक क्लिपचा पूर्ण पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट मिळतो.

उरलेल्या क्लिपांसाठी एडियसमध्ये 'रिस्टोअर अँड ट्रान्सफर क्लिप' आहे, प्रीमियरमध्ये 'लिंक मीडिया', रिझॉल्व्हमध्ये 'रीलिंक'. इथे मात्र डोळे उघडे ठेवा. त्या काळच्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांमध्ये कार्ड फॉरमॅट करून परत भरलं की क्लिपांची नावं बऱ्याचदा पुन्हा शून्यापासून सुरू होतात. हळदीच्या कार्डावर ००००७.एमटीएस, मुहूर्ताच्या कार्डावरही ००००७.एमटीएस. सॉफ्टवेअर नाव बघतं, नवरा-नवरी बघत नाही. मी 'सगळं आपोआप शोध' म्हटलं आणि चहा घेऊन आले, तर अंतरपाट दूर होतोय आणि समोर नवरदेवाऐवजी पंगतीत जिलबी वाढणारा आचारी. गुरुजींचं 'सावधान' मात्र बरोबर जागेवर. तेव्हापासून एकेका कार्डाचा फोल्डर वेगळा दाखवून जोडते, आणि जोडून झालं की पूर्ण टाइमलाइन चौपट वेगाने एकदा डोळ्यांखालून घालते.

मग फाँट. मराठी कामात हमखास गोची होते ती इथे. २०१४ चं टायटल श्रीलिपीच्या फाँटमध्ये होतं. असे जुने फाँट युनिकोड नसतात. आत इंग्रजी अक्षरंच टाइप झालेली असतात आणि फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. माझ्या मशीनवर नेमका तो फाँट नव्हता, त्यामुळे 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची भेळ. तो फाँट मिळाला तर घाला, नाहीतर सरळ युनिकोडमध्ये नवं टायटल करा. मी 'मुक्त' नावाचा फाँट वापरते, फुकट आहे आणि अंगाने भरदार आहे. प्रीमियरमध्ये युनिकोड टाकल्यावर वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसली किंवा जोडाक्षरं फुटली, तर प्रेफरन्समध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. 'श्री' बरोबर दिसला की समजा जमलं. एक्सपोर्टच्या आधी नवरा-नवरीची नावं घरच्या कुणाला तरी वाचून दाखवा. फोनवरून चालेल. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला की आहेरातल्या साडीपेक्षा जास्त चर्चा होते.

आधी मास्टर, मग वेबची कॉपी

टाइमलाइन उभी राहिली की नवशिके थेट छोटा एमपीफोर काढतात. तसं करू नका. आधी एक जाडजूड मास्टर, म्हणजे पूर्ण दर्जाची मूळ फाइल, काढा आणि पुढच्या सगळ्या कॉप्या त्यातून करा. कारण सोपं आहे. प्रोजेक्ट पुन्हा उघडेल याची खात्री नाही (आपण आत्ता त्याच दिव्यातून गेलो), आणि व्हॉट्सॲपसाठी, यूट्यूबसाठी, वेबसाइटसाठी दर वेळी तीन तासांची टाइमलाइन रेंडर करायला कुणाला वेळ आहे?

मास्टर एडियसमध्ये 'प्रिंट टू फाइल', म्हणजे एफ-अकरा दाबून ग्रास व्हॅली एचक्यूएक्स एव्हीआयमध्ये काढते. प्रीमियरमध्ये प्रोरेस ४२२ एचक्यू, विंडोजवरच्या रिझॉल्व्हमध्ये डीएनएक्सएचआर एचक्यू. हे तिन्ही दर्जा राखणारे जड फॉरमॅट. फाइल किती फुगते म्हणाल तर १०८० च्या (फुल एचडी), सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रं असलेल्या व्हिडिओला प्रोरेस ४२२ एचक्यू सेकंदाला १८४ मेगाबिट खातं. तासाला ८३ जीबी. त्यामुळे आधी डिस्कवर जागा बघा. मास्टर बाहेर द्यायचा नाही, तो वेबवर चालतच नाही. कुणाच्या फोनच्या ब्राउझरमध्ये टाकलात तर बहुतेक काळी चौकट नाहीतर नुसता आवाज.

मास्टरचं सेटिंग टाइमलाइनसारखंच ठेवा: टाइमलाइन २५ ची असेल तर २५, इंटरलेस असेल तर इंटरलेस. मास्टरमध्ये फ्रेमरेट बदलायचा नाही आणि साइजही बदलायची नाही.

कंगव्याचे दात

'इंटरलेस' या शब्दावर जरा बसू, कारण जुन्या लग्नांची निम्मी वाट इथे लागते. त्या काळचे बहुतेक कॅमेरे ५०आयवर लावलेले असायचे. सेकंदाला ५० अर्धी चित्रं: एकदा एक सोडून एक अशा विषम ओळी, मग सम ओळी. जुन्या डबा टीव्हीवर ती मिसळून छान दिसायची. मोबाइल आणि ब्राउझर पूर्ण चित्र एकदम दाखवतात, त्यामुळे हललेल्या गोष्टीच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. नवरी मान हलवते आणि मुंडावळ्यांना करवतीची धार येते.

यावर उपाय म्हणजे डीइंटरलेस, आणि तो साइज कमी करण्याच्या आधी. आधी ७२० केलं आणि मग डीइंटरलेस लावलं तर दात चित्रात मुरतात, मग कुणाचा बाप ते काढू शकत नाही. दोन पर्याय असतात. २५ पूर्ण फ्रेम करा, म्हणजे फाइल हलकी. किंवा ५० करा, ज्याला 'बॉब' म्हणतात, म्हणजे हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी लोण्यासारखी. मुहूर्त, कन्यादान, सूनमुख यांना २५ चालतं. पण वरातीत बँडसमोर नाचणारे मामा ५० मध्येच बघावेत. हा माझा हट्ट समजा. मी पूर्ण फिल्मच ५० मध्ये केली.

मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपा मध्ये घुसवल्या असतील तर वेगळाच त्रास. फोनचा फ्रेमरेट स्थिर नसतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू सरकतो. मंगलाष्टकांच्या पहिल्या कडव्याला गुरुजींचे ओठ जुळतात, शेवटच्याला नाही. अशा क्लिपा एडिटमध्ये घेण्याआधीच हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या.

हँडब्रेक

वेबची कॉपी मी हँडब्रेकमध्ये काढते. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. एचक्यूएक्सची एव्हीआय तिकडे ओढून टाकली की उघडते.

'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, निवडून सुरुवात करा आणि मग पुढच्या गोष्टी हाताने बदला. फॉरमॅट एमपीफोर. शेजारी 'वेब ऑप्टिमाइझ्ड' अशी बारीकशी चौकट असते, तिच्यात टिक करा. अख्ख्या लेखातून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटच्या पानावर असते. वेबसाइटवर ठेवलेली अशी फाइल उघडायला गेलं की ब्राउझर शेवटचं पान शोधत बसतो, आणि कधी कधी फाइल जवळजवळ पूर्ण उतरेपर्यंत चाक फिरत राहतं. ही टिक अनुक्रमणिका उचलून पुढे आणते आणि व्हिडिओ लगेच सुरू होतो.

'डायमेन्शन्स' च्या टॅबमध्ये क्रॉपिंग 'ऑटोमॅटिक' असेल तर 'नन' करा, नाहीतर काळ्या पट्ट्या समजून ते कडा कापून टाकतं. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस: 'यॅडिफ', प्रीसेट 'बॉब'. २५ हवे असतील तर 'डिफॉल्ट'. व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा) एच.२६४, एक्स२६४ नावाचा. फ्रेमरेट ५० किंवा २५, आणि 'कॉन्स्टंट'. क्वालिटीची पट्टी आरएफ २० ते २२ च्या मधे. आकडा कमी म्हणजे दर्जा जास्त आणि फाइल मोठी, ते उलटं असतं हे पहिल्या दिवशी कुणीच लक्षात ठेवत नाही. १०८० साठी २० ते २४ हा हँडब्रेकवाल्यांचाच सल्ला आहे. एन्कोडर प्रीसेट 'मीडियम'. मशीन रात्रभर चालू ठेवणार असाल तर 'स्लो'.

"एच.२६४ कशाला, ते २००३ चं, आता एच.२६५ आहे, एव्हीवन आहे," असं भाचे मंडळी सांगतात. बरोबर आहे, त्यांनी फाइल लहान होते. पण एच.२६५ सफारीत चालतं आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये मशीन पाहून चालतं किंवा चालत नाही. एव्हीवन बनवायला वेळ खातं आणि जुन्या फोनला घाम फोडतं. पाटणच्या आजीचा फोन, न्यू जर्सीचा लॅपटॉप आणि पुण्याच्या काकांचा टॅब या तिन्हींवर एका फाइलने चालायचं असेल तर एच.२६४ चित्र, एएसी आवाज, एमपीफोर डबा.

नव्या कॅमेऱ्यांच्या १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेल्या) मास्टरमधून एच.२६४ काढताना मात्र ८-बिट ४:२:० च हवं. हँडब्रेकचं साधं एक्स२६४ तेच देतं, '१०-बिट' लिहिलेला एन्कोडर चुकून निवडू नका.

आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टीरिओ, १६० किंवा १९२ केबीपीएस. एकदा हेडफोन लावून ऐका. गुरुजींचा कॉलर माइक नुसत्या डाव्या चॅनलवर रेकॉर्ड झालेला असतो, आणि घरी स्पीकरवर ते कळत नाही. या लग्नात तसंच होतं: डाव्या कानात मंगलाष्टका, उजव्यात शांतता. मास्टर काढायच्या आधी टाइमलाइनवरच डावा चॅनल दोन्हीकडे भरायचा असतो. माझ्या लक्षात उशिरा आलं, आणि मास्टर परत काढावा लागला.

अजून जुनं, मिनीडीव्ही टेपवरचं लग्न असेल तर ७२० बाय ५७६ मध्ये येतं आणि त्याचे पिक्सेल चौकोनी नसतात. हँडब्रेकमध्ये 'ॲनामॉर्फिक' बंद करून रुंदी ७६८ ठेवा, नाहीतर सगळं वऱ्हाड किंचित उपाशी दिसतं.

पूर्ण तीन तास एन्कोड करण्याआधी हळदीतला एक मिनिट आणि वरातीतला एक मिनिट काढून फोनवर बघा. हँडब्रेकमध्ये 'रेंज' सेकंदांत देता येते.

कुठे ठेवायचं

घरच्यांनी तीन तासांचं लग्न ४० मिनिटांवर आणायला सांगितलं, तेच न्यू जर्सीला जाणार होतं. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलं, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतं. यूट्यूब तुमची फाइल पुन्हा स्वतःच्या पद्धतीने दळतं, म्हणून तिथे बारीक फाइल देऊन फायदा नाही. त्यांचा सल्ला १०८० ला २५ फ्रेमवर सेकंदाला ८ मेगाबिट आणि ५० वर १२ मेगाबिट असा आहे. हिशेब करू: १२ मेगाबिट म्हणजे सेकंदाला दीड एमबी, ४० मिनिटांचे २४०० सेकंद, झाले ३६०० एमबी, ३.६ जीबी. आमच्या लाइनला अपलोड १० मेगाबिट मिळतं, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी ४८ मिनिटं. लाइट गेली की वेगळी कथा. ही फाइल मी आरएफऐवजी 'ॲव्हरेज बिटरेट' १२००० टाकून काढली. खातं फोन नंबरने व्हेरिफाय नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही, ते आधी करून घ्या.

आणि चढल्या चढल्या लिंक पाठवू नका. आधी ३६० ची आवृत्ती तयार होते, एचडी मागाहून. मी घाई केली, तर दहा मिनिटांत न्यू जर्सीहून व्हॉइस मेसेज: "काकू, एवढी धूसर?" तासाभराने परत बघा म्हटलं, मग समाधान झालं. वरातीला वरून सिनेमाचं गाणं लावलेलं होतं, त्यावर कॉपीराइटचा दावाही लगेच आला. तिथे बँडचाच मूळ आवाज ठेवला. खरं तर तोच जास्त भारी आहे.

स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायचं असेल तर ७२०पी, आरएफ २२-२३, २५ फ्रेम, मिनिटाला साधारण १५ ते २० एमबीच्या आत. पान उघडताच आपोआप सुरू हवं असेल तर आवाज बंदच ठेवावा लागतो, आवाजासकट ऑटोप्ले ब्राउझर अडवतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबून बारीक करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं.

शेवटी एडियसमध्ये 'कन्सॉलिडेट प्रोजेक्ट' करून, प्रीमियरमध्ये असतं तर 'प्रोजेक्ट मॅनेजर' मधून, वापरलेल्या क्लिपा, फाँट आणि मास्टर असं सगळं एका फोल्डरमध्ये घालून पोराच्या हार्डडिस्कवर परत दिलं. फोल्डरचं नाव 'आत्या लग्न पूर्ण सामान'. पेनड्राइव्हवर पूर्ण तीन तासांची कॉपी हवी होती. ती ४ जीबीच्या वर गेली आणि त्याचा एफएटी३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह (त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा) ती घेईना. ही मर्यादा नसलेल्या एक्सएफएटमध्ये फॉरमॅट करून दिला. दुसऱ्या दिवशी पोरगा परत दारात: "काकू, घरचा टीव्ही पेनड्राइव्ह ओळखत नाही." मग परत एफएटी३२ केला आणि लग्नाचे तीन तुकडे पाडले: हळद, लग्न, वरात.